सातशे सत्त्याहत्तर

माझी थोरली बहीण बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाली. उमेदीची सगळी वर्षं तिने युनिक्सच्या काळ्या पडद्यासमोर काढली. आमच्या चिरंजीवांचं मिरजेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि एका शाळेच्या लॅबची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, त्यांच्याकडे आहे. दोघंही रोज लिनक्स वापरतात. तरी या दोघांना एका मशीनसमोर बसवू नये असं माझं मत आहे. काम का अडलं हे कळल्याशिवाय ताई पुढे सरकत नाही, आणि चिरंजीवांना पुढचं गिऱ्हाईक गाठायचं असतं.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाची ही योजना २०१६ पासूनची. निवड झालेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि सहावी ते बारावीची मुलं तिथे सेन्सर, मोटारी, छोटे रोबो यांची मोडतोड करत शिकतात. मशीनांवर उबुंटू आहे. मुलं आर्डुइनोचा बोर्ड यूएसबीला लावतात, दिवा लुकलुकवणारा पहिला प्रोग्रॅम लिहितात, अपलोडचं बटण दाबतात, आणि खाली लाल अक्षरांत उमटतं : टीटीवाय-यूएसबी-शून्य उघडता येत नाही, परमिशन डिनाइड.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हा विषय निघाला.

चिरंजीव : टर्मिनल उघडलं, सुडो लावून चमॉड सातशे सत्त्याहत्तर मारलं, चाललं. पाच मिनिटांत मी बाहेर.

ताई : आणि दुसऱ्या दिवशी?

चिरंजीव : दुसऱ्या दिवशी लॅबच्या बाईंचा फोन. परत तेच.

ताई : येणारच. अरे, डेव्ह फोल्डर डिस्कवर नसतोच. तो मेमरीत असतो. बोर्ड लावला की कर्नल तिथे फाईल तयार करतो आणि यूडेव्ह तिला मालक, गट, परवानगी चिकटवतो. वायर काढली की फाईल गेली, आणि तिच्याबरोबर तुझं सातशे सत्त्याहत्तरही गेलं. परत लावलीस की नवी फाईल, जुन्या नियमाने.

चिरंजीव : म्हणून मी ती ओळ स्टार्टअपला टाकली.

ताई : मशीन सुरू होताना बोर्ड लावलेला असतो का? मुलं तास सुरू झाल्यावर लावतात. तुझी ओळ पळाली तेव्हा ती फाईल जन्मालाच आली नव्हती. आणि एक सांग, सात कशाला? सातातला एक म्हणजे प्रोग्रॅम म्हणून चालवायचा हक्क. सीरियल पोर्ट कोण चालवतो? सगळ्यांना उघडून द्यायचंच होतं तर सहाशे सहासष्ट पुरलं असतं.

चिरंजीव : आत्या, सातशे सत्त्याहत्तर तोंडात बसलंय सगळ्यांच्या.

खरं आहे. या धंद्यातली निम्मी मुलं हा आकडा हिशेब न करता लावतात. चमॉड फाईलची परवानगी बदलतं : पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या जगाचा. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक, बेरीज सात. एवढं गणित चौथीतल्या पोराला येतं. पण काम अडलेलं असताना गणित कोण करतो?

ताईला त्याहून राग आला होता तो सीडीचा. बोर्डाबरोबर एक सीडी आली होती, आणि चिरंजीवांनी तिच्यातला ड्रायव्हर टाकण्यात तासभर घालवला होता.

ताई : स्वस्तातल्या या बोर्डांवर सीएच३४० नावाची चिप असते. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, सीएच३४१ या नावाने. बोर्ड लावून डीमेसेज बघितलं असतंस तर दिसलं असतं, कन्व्हर्टर टीटीवाय-यूएसबी-शून्यला जोडला गेला म्हणून. मग सीडी कशाला?

चिरंजीव : चालत नव्हतं म्हणून.

ताई : चालत नव्हतं, पण काय म्हणत होतं? फाईल सापडत नाही असं म्हणालं तर ड्रायव्हरकडे जा. परवानगी नाही म्हणालं तर ड्रायव्हरने त्याचं काम केलंय. फाईल समोर आहे, फक्त तुला उघडू देत नाहीत. त्या लाल ओळीत उत्तराचा अर्धा भाग होता आणि तू तो वाचला नाहीस.

इथे मी ताईच्या बाजूचा. ड्रायव्हरचा दोष आणि परवानगीचा दोष यांची गल्लत झाली की माणूस तीन-तीन वेळा ड्रायव्हर काढतो-घालतो, इंटरनेटवरून कुणाकुणाचे स्क्रिप्ट उतरवतो, आणि शेवटी काही चाललंच तर नेमकं कशामुळे चाललं हे त्यालाही सांगता येत नाही.

चिरंजीव : बरं, तुझ्या पद्धतीने करू. फाईलचा गट डायलआउट. युजरला त्या गटात घातलं की झालं. हे मलाही माहीत आहे, फक्त बाईंना लॉगआउट करून परत लॉगिन करा सांगितलं तर त्यांनी केलं नाही, आणि म्हणाल्या चालत नाही.

ताई : गटांची यादी लॉगिन होताना ठरते. नुसती विंडो बंद करून उघडल्याने बदलत नाही. आयडी ही दोन अक्षरांची आज्ञा दिली की सध्या आपण कुठल्या गटांत आहोत ते दिसतं. आधी ते बघायचं, मग दुसऱ्या कुणावर संशय घ्यायचा. आणि युजरमॉड वापरताना मोठ्या जीच्या आधी छोटा ए लिहिलास का?

चिरंजीव : लिहितो. नाही लिहिला तर काय होतं तेही बघितलंय एका गिऱ्हाइकाकडे.

नाही लिहिला तर काय होतं ते वाचकांना सांगायला हवं, कारण या सगळ्या प्रकरणात एवढा छोटा आणि एवढा महाग पडणारा खड्डा दुसरा नाही. छोटा ए म्हणजे आहेत त्या गटांत भर घाल. तो राहिला तर आज्ञेचा अर्थ होतो : या माणसाचे जोडीचे गट एवढेच, बाकीचे काढ. त्या बाकीच्यांत सुडो हा गटही असतो. म्हणजे आर्डुइनो चालू करायला गेलेल्या माणसाचा प्रशासकाचा अधिकारच जातो, आणि चूक दुरुस्त करायला जो अधिकार लागतो तो नेमका तोच. मग मशीन रिकव्हरी मोडमध्ये उघडून बसा. आज्ञा चुकली असं कुठेही उमटत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने ती बरोबरच असते.

चिरंजीव : आता माझं ऐक. घर माझं, कुलूप माझं, आणि बेडरूमची किल्ली मागायला मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जायचं? मशीन शाळेचं, बोर्ड शाळेचा, समोर बसलेला मुलगा शाळेचा. अडवतंय कोण कुणाला? हे सगळं बेल लॅब्जच्या काळातलं आहे. एका यंत्राला पन्नास टर्मिनलं, म्हणून एकाने दुसऱ्याच्यात हात घालू नये. सुडो तर १९८० च्या आसपासचं, बफेलोच्या विद्यापीठातलं. आता एका माणसाकडे तीन मशीनं असतात.

ताई : मग?

चिरंजीव : मग हे की यांनी भलतीकडेच पहारा बसवलाय. माझ्या नावाने चालणारा कुठलाही फालतू प्रोग्रॅम माझे सगळे फोटो, बँकेची स्टेटमेंटं, आईच्या रिपोर्टांच्या पीडीएफ वाचू शकतो. त्याला कुणी विचारत नाही. आणि ऐंशी रुपयांच्या वायरीतून दिवा लावायचा तर परमिशन डिनाइड. सिस्टिमच्या फाईली पुन्हा इन्स्टॉल करून मिळतात गं, फोटो मिळत नाहीत. जे परत मिळतं त्याला कडेकोट आणि जे मिळत नाही ते उघड्यावर!

ताई लगेच बोलली नाही. हा मुद्दा पोरकट नाही हे तिलाही माहीत होतं. युनिक्सची परवानगी माणसामाणसांत भेद करते. एकाच माणसाच्या दोन प्रोग्रॅमांत करत नाही. ज्या काळात प्रोग्रॅम आपल्याच संस्थेतल्या कुणीतरी लिहिलेले असायचे त्या काळात ते चालून गेलं.

ताई : फोटोंचं म्हणतोस ते खरं आहे. त्याच्याकडे येऊ. पण शाळेच्या मशीनवर एकच माणूस, हे कुठे खरं आहे? सकाळची बॅच, दुपारची बॅच, बाईंचं स्वतःचं खातं, आणि तू दुकानातून एसएसएचने शिरतोस ते वेगळं. डायलआउट गटात घातलेला माणूस कायमचा त्या गटात. तो मशीनसमोर असो की बाहेरगावाहून आत आलेला असो, सगळ्या सीरियल पोर्टांवर त्याचा हात. गट हा उपाय मोडेमच्या दिवसांत ठीक होता. आता त्याहून बारीक उपाय आहे.

चिरंजीव : यूअ‍ॅक्सेस.

ताई : माहीत आहे तर लावत का नाहीस?

चिरंजीव : लावला होता. नियमाची फाईल केली, नाव दिलं ९९-आर्डुइनो, आत टॅग यूअ‍ॅक्सेस लिहिला. काही फरक पडला नाही. मग मोड सहाशे सहासष्ट लिहिलं, ते चाललं. म्हटलं यूअ‍ॅक्सेस भिकार आहे.

ताई हसली, आणि मला वाटतं त्या दुपारचं हेच खरं फळ होतं. गोष्ट अशी : यूडेव्हच्या नियमांच्या फाईली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणूनच त्यांच्या नावाआधी आकडा असतो. यूअ‍ॅक्सेसचा टॅग ही नुसती खूण आहे. ती खूण बघून प्रत्यक्ष परवानगी द्यायचं काम ७३ क्रमांकाच्या फाईलमध्ये होतं. ९९ नंबरच्या फाईलमध्ये खूण केली तर ७३ नंबर केव्हाच होऊन गेलेला असतो. खूण होते, पण तिच्याकडे बघणारं पुढे कुणी उरत नाही. फाईलला ७० नंबर दिला की काम होतं. आत एक ओळ पुरते : सबसिस्टिम टीटीवाय, विक्रेता १ए८६, उत्पादन ७५२३, टॅग यूअ‍ॅक्सेस. हे दोन क्रमांक एलएसयूएसबी दाखवतं. मग यूडेव्हएडीएमला नियम पुन्हा वाचायला सांगायचे, आणि बोर्ड काढून परत लावायचा.

चिरंजीवांनी तिथल्या तिथे लॅपटॉप काढला, बॅगेतला बोर्ड लावला. एलएसच्या लांब यादीत त्या फाईलच्या परवानग्यांच्या अक्षरांपुढे अधिकचं चिन्ह आलं होतं. ते चिन्ह दिसलं की समजायचं, नेहमीच्या तीन खान्यांपलीकडे आणखी कुणाला तरी नावाने हक्क दिलेला आहे. गेटएफएसीएल विचारल्यावर चिरंजीवांचं युजरनेम आलं. पडद्यासमोर ज्याचं सत्र चालू, त्याच्याच नावे हक्क. दुसऱ्या युजरने लॉगिन करून पडदा घेतला की हक्क त्याच्याकडे गेला. एसएसएचने आलेल्याला काही नाही. मायक्रोफोन आणि कॅमेरा आधीपासून याच पद्धतीने मिळतात, म्हणून त्यांच्यासाठी कुणाला गटात जावं लागत नाही. जाऊही नये. ऑडिओ गटात घातलेला माणूस दुसऱ्या गावाहून शिरून खोलीतलं बोलणं ऐकू शकतो.

चिरंजीव : हे बरं आहे. पण मला सांग, त्र्याहत्तरच्या आधीचा नंबर लागतो हे शाळेच्या बाईंना कुठल्या पुस्तकात मिळणार?

ताई : त्यांना कशाला? एएमसी तुझी आहे.

चिरंजीव : माझी एएमसी एका शाळेची आहे. उरलेल्या शाळांनी काय करायचं? बोर्ड विकणाऱ्याने सीडीऐवजी ही एक ओळ द्यायला काय झालं होतं? दोष वापरणाऱ्याचा नाही, आत्या. देणाऱ्याचा आहे. सातशे सत्त्याहत्तर लोक आळसाने लावत नाहीत. बरोबर उत्तर अशा ठिकाणी ठेवलंय की तिथे पोचायला सुट्टीचा दिवस लागतो.

ताईने हे मान्य केलं नाही, पण खोडलंही नाही. माझ्या मते मुलगा बरोबर आहे. चुकीचा उपाय एका ओळीत येतो आणि बरोबर उपायाला चार अटी असतात, तिथे लोक काय निवडतील हे सांगायला ज्योतिषी नको.

मग ब्रेलचा किस्सा निघाला, आणि आवाज चढले.

लॅबमधल्या काही मशीनांवर उबुंटूची २२.०४ ही आवृत्ती आहे. तिथे बोर्ड लावला की टीटीवाय-यूएसबी-शून्य क्षणभर दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. परवानगीचा प्रश्नच नव्हता, फाईलच जात होती. कारण बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम. अंध व्यक्तींचे ब्रेल डिस्प्ले तो चालवतो. त्यातल्या एका डिस्प्लेचे यूएसबी क्रमांक नेमके सीएच३४०चेच आहेत, कारण त्याच्या पोटातही तीच चिप. त्यामुळे आर्डुइनो लावला की हा प्रोग्रॅम समजतो, ब्रेल डिस्प्ले आला, आणि तो ताब्यात घेतो.

चिरंजीव : मी बीआरएलटीटीवाय काढून टाकलं. एक आज्ञा, प्रश्न मिटला.

ताई : सगळ्या मशीनांवरून?

चिरंजीव : त्या आवृत्तीच्या सगळ्या. तिथे कुणी ब्रेल वापरत नाही.

ताई : आज वापरत नाही. जूनमध्ये एखादी अंध मुलगी आली, घरून डिस्प्ले घेऊन, तर? तिने तो लावला आणि काहीच झालं नाही तर तिला वाटेल तिचंच यंत्र बिघडलंय. बाईंना माहीत नाही, तू तोवर एएमसी सोडलेली. त्याच्या नियमांच्या फाईलमध्ये तेवढ्या एका क्रमांकाची ओळ निष्क्रिय करायची होती. बाकीचे डिस्प्ले चालले असते.

चिरंजीव : ती फाईल अपडेटला परत येते.

ताई : म्हणून मूळ फाईलला हात लावायचा नाही. ईटीसीमधल्या यूडेव्हच्या फोल्डरात त्याच नावाची प्रत ठेवायची, बदल तिच्यात करायचा. एकाच नावाच्या दोन फाईली असल्या की ईटीसीमधली ऐकली जाते.

चिरंजीव : होणारच नाही असल्या गोष्टीसाठी वीस मिनिटं जास्तीची. माझ्या वेळेचं कोण देतं?

यावर दोघांचं जमलं नाही. माझंही मत पक्कं होत नव्हतं, पण लॅब सरकारी अनुदानाची आहे आणि कोण येणार नाही हे दुरुस्तीवाल्याने ठरवू नये, इथवर मी ताईबरोबर जातो.

चहा झाल्यावर चिरंजीवांनी हुकमी पान काढलं. एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप, एनव्हिडियाचं कार्ड, कंपनीच्या साईटवरून उतरवलेला ड्रायव्हर. रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊन मॉड्यूल चढवायला गेलं तरी उत्तर नकाराचं : चावी नाकारली.

चिरंजीव : रूटला नाही म्हणतात! मग रूट कसला? मी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. संपला विषय.

ताई : सिक्युअर बूट चालू असेल तर उबुंटूचा कर्नल सही नसलेलं मॉड्यूल घेत नाही, रूट सांगत असला तरी. रूटचे हात बांधणारं हे लॉकडाउन २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून मूळ कर्नलमध्ये आहे. कारण उघड आहे. एकदा कुणी रूट झाला की कर्नलमध्ये बसणं हीच त्याची पुढची पायरी. तिथे बसलेला पुढे कुणालाच दिसत नाही. अशा वेळी पहिला प्रश्न हा की कंपनीच्या साईटवर गेलासच कशाला? उबुंटूच्या भांडारात या कार्डाचे ड्रायव्हर आधीच सही करून ठेवलेले असतात.

चिरंजीव : गिऱ्हाइकाला नवीनच आवृत्ती हवी होती.

ताई : मग स्वतःची चावी कर, मोकयुटिलने नोंदवायला दे, रीस्टार्ट कर. निळा पडदा येतो, तिथे पासवर्ड टाकून चावी स्वीकारायची. पुढे कर्नल बदलला की डीकेएमएस मॉड्यूल पुन्हा बांधतं आणि त्याच चावीने सही करतं.

चिरंजीव : निळा पडदा दहा सेकंद थांबतो. गिऱ्हाईक तेवढ्यात चहा आणायला गेलं की निघून जातो, मग परत पहिल्यापासून. फोनवर सांगून करून बघ एकदा. आणि वीस मशीनांची लॅब असेल तर वीस कीबोर्डांसमोर मी स्वतः जायचं.

ताई : जायचं. त्यातच तर सगळं आलं. त्या पडद्यावर दूरवरून कुणी कळ दाबू शकत नाही. तुला येतो तो कंटाळा बाहेरच्या चोरालाही येतो.

चिरंजीव : चोराला पगार असतो.

मला हसू आलं, ताईलाही.

ड्रायव्हर बनवणारे स्वतः काय करतात, हा विषय त्यातूनच निघाला. कंपनीची फाईल उतरवली की सूचना ठरलेल्या : आधी चालवण्याचा हक्क द्या, मग सुडोने चालवा. पेनड्राइव्ह एक्सफॅटचा असेल तर चमॉड काहीच करत नाही, कारण त्या फाईलसिस्टिमला युनिक्सच्या परवानग्या साठवताच येत नाहीत. फाईल आधी होम फोल्डरात आणावी लागते. हे झालं बारीकसारीक. मोठा प्रश्न असा की सुडोने सुरू केलेला इन्स्टॉलर आत काय करतो ते कोण बघतं? २००७ साली सॅमसंगच्या प्रिंटर ड्रायव्हरवरून बराच गवगवा झाला होता. त्याच्या इन्स्टॉलरने ओपन-ऑफिससारखे नेहमीचे प्रोग्रॅम रूटच्या हक्काने चालतील असं करून ठेवलं होतं, पासवर्ड न विचारता. छपाई अडू नये म्हणून.

ताई : म्हणजे कंपनीनेही सातशे सत्त्याहत्तरच मारलं. तुझ्यापेक्षा मोठ्या प्रमाणात, एवढाच फरक.

चिरंजीव : मग मी दोन हजार ओळींचा इन्स्टॉलर वाचत बसू? तू वाचतेस?

ताई : नाही वाचत. म्हणून भांडारातलं घेते. तिथे निदान कुणीतरी वाचलेलं असतं.

चिरंजीव : आणि भांडारात नसेल तर? वायफायची चिप चालायला बंद फर्मवेअर लागतं आणि डेबियनवाले ते इन्स्टॉलरमध्ये देत नव्हते. नेट नाही म्हणून फर्मवेअर नाही, फर्मवेअर नाही म्हणून नेट नाही. किती वर्षं? शेवटी २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून द्यायला लागले. तत्त्व वाकलंच ना?

ताई : वाकलं, पण उघडपणे. फर्मवेअरला वेगळा विभाग केला. काय मुक्त आणि काय बंद, ते आजही वेगवेगळं दिसतं. गुपचूप दार सताड उघडण्यात आणि मतदान घेऊन एक खिडकी उघडण्यात फरक आहे.

मग शाळेच्या ऑफिसातल्या स्कॅनरवर आले. क्लार्कच्या खात्यातून स्कॅनर दिसत नव्हता, सुडो लावून यादी मागितली की दिसायचा. चिरंजीवांनी डेस्कटॉपवर एक आयकॉन करून दिला, स्कॅनिंगचा प्रोग्रॅम सुडोने उघडणारा.

ताई : सुडो लावून दिसतो, न लावता दिसत नाही. एवढ्याने दोष परवानगीचा आहे हे सिद्ध झालं, छान. मग तिथे थांबायचं आणि परवानगी दुरुस्त करायची. रोजचं काम सुडोने करायचं नाही. आता क्लार्कच्या फोल्डरात स्कॅन केलेले दाखले कुणाच्या मालकीचे आहेत?

चिरंजीव : रूटच्या. त्याला ते डिलीट करता येईनात, म्हणून फोन आला होता.

ताई : आणि तू?

चिरंजीव : मालकी बदलून दिली. फक्त त्याच्या होम फोल्डरात हं! युएसआर फोल्डरावर मालकी बदलली की सुडोच मरतं, तेवढं मला कळतं.

गंमत पुढे झाली. नवीन मशीनवर मुलांसाठी आर्डुइनोचा प्रोग्रॅम स्नॅप स्वरूपात टाकला होता. नियम बरोबर, अधिकचं चिन्ह हजर, तरी परमिशन डिनाइड. कारण स्नॅप हा कुंपणातला प्रोग्रॅम. युजरला पोर्टाचा हक्क असला तरी प्रोग्रॅमला तो वेगळा द्यावा लागतो. चिरंजीव वैतागून म्हणाले, आधी फाईलची परवानगी, मग सत्राची, आता प्रोग्रॅमची, तिसरं दार झालं हे.

ताई : दुपारी तूच म्हणालास ना, माझे फोटो कुठलाही फालतू प्रोग्रॅम वाचू शकतो, त्याला कुणी विचारत नाही?

चिरंजीव : हो.

ताई : हे घे. आता विचारतात. कुंपण घातलं की ते फोटोंनाही लागतं आणि पोर्टालाही. फोटोंपुरतं घाला आणि माझ्या वायरीला सोडा, असं सांगायचं तर ते सांगणं म्हणजेच परवानगी देणं.

चिरंजीव गप्प. पण ते हरले असं मी म्हणणार नाही, कारण पाचेक मिनिटं ते लॅपटॉपवर काहीतरी बघत होते आणि मग त्यांनी मान वर केली.

चिरंजीव : आत्या, तुझ्या ओळीत विक्रेता १ए८६, उत्पादन ७५२३. बरोबर?

ताई : बरोबर.

चिरंजीव : लॅबच्या सर्व्हरला जुना यूपीएस आहे. सीरियल पोर्टवाला. त्याला मी यूएसबीची केबल लावलीय, स्वस्तातली. वीज गेली की त्याच वायरीवरून सर्व्हरला बंद व्हायचा निरोप जातो. त्या केबलीत कुठली चिप असेल?

ताई : सीएच३४० असू शकते.

चिरंजीव : आणि या चिपांना बहुधा स्वतःचा सीरियल नंबर नसतो. म्हणजे आर्डुइनो कुठला आणि यूपीएस कुठला, तुझ्या नियमाला कळणार नाही. सर्व्हरवर बसलेल्या पोराला यूपीएसशी बोलायचा हक्क मिळाला. बारीक उपाय म्हणत होतीस ना?

ताईने चष्मा पुसला.

ताई : सर्व्हरवर हा नियम टाकायचा नाही.

चिरंजीव : सर्व्हरवरच बोर्ड लावतात गं. बाईंचा मुख्य पीसी तोच आहे.

ताई : मग नियम चिपच्या क्रमांकावर नको, यूएसबीच्या खाचेवर बांध. पुढच्या बाजूच्या खाचेत जे लागेल ते मुलांचं, मागच्या खाचेतला यूपीएस तसाच राहील. यूडेव्हला खाचेचा पत्ता कळतो.

चिरंजीव : आणि मुलांनी बोर्ड मागच्या खाचेत लावला तर?

ताई : तर परमिशन डिनाइड.

चिरंजीव : आणि बाईंचा फोन.

ताई : येऊ दे. उद्या जाताना मला घेऊन चल, खाचांवर रंगीत टिकल्या लावून येऊ.